कोणाचा हात, कोणाची किल्ली

१८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये बिशप अनास्तासियस हार्टमन आतून दारे लावून बसले होते. बाहेर जमलेले लोक त्यांच्याच कळपातले. याच चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झालेला, याच वेदीसमोर त्यांची लग्ने लागलेली. त्यांना हे चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या अमलाखाली न्यायचे होते. हार्टमन रोमने नेमलेले, मूळचे स्वित्झर्लंडचे कपुचिन फादर. ते हटायला तयार नव्हते. सुमारे दोन आठवडे हा वेढा चालला. अखेर कंपनी सरकारने मध्ये पडून चर्च गोव्याच्या बाजूला देऊन टाकले. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पक्षांची मिस्सा एक, लॅटिन एक, संत तेच आणि पोपही तोच. भांडण होते ते चर्चची किल्ली कोणाकडे राहावी याचे.

ख्रिस्ती मंडळीतील फुटींचा इतिहास सांगताना सहसा मोठ्या तारखा पुढे येतात. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या धर्मसभेत ख्रिस्ताच्या स्वरूपावरून पूर्वेकडच्या काही मंडळ्या वेगळ्या झाल्या. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले आणि पश्चिम युरोप दुभंगला. या फुटींच्या मुळाशी सिद्धान्त होते, त्यावर ग्रंथ लिहिले गेले, युद्धेही झाली. भारतात मात्र, आणि त्यातही मुंबई-गोवा-महाराष्ट्र या पट्ट्यात, माणसे खरोखर वेगळी झाली ती बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन प्रश्नांवरून: पाळक किंवा बिशप नेमायचा हक्क कोणाचा, आणि जमीन-इमारत कोणाच्या नावावर. पुढे विसाव्या शतकात एकीचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा तेही नेमके याच दोन ठिकाणी अडले. देवाबद्दल एकमत व्हायला तुलनेने थोडा वेळ लागला.

माहीमच्या वेढ्याचे मूळ शोधायला पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. पोपने पोर्तुगालच्या राजाला एक अधिकार दिला होता. पूर्वेकडे मिशनरी पाठवायचे, चर्च बांधायची, खर्च सोसायचा. बदल्यात बिशपांची नावे राजाने सुचवायची. या व्यवस्थेचे नाव पाद्रोआदो. सोळाव्या शतकात गोवा तिचे केंद्र झाले आणि १५५० नंतरच्या दशकात तिथे आर्चबिशपची गादी आली. शंभर वर्षांत पोर्तुगालची ताकद ओसरली, पण हक्क कागदावर तसाच राहिला. रोमने मग १६२२ मध्ये प्रोपागांडा फिदे हे स्वतःचे मिशनखाते काढले आणि पोर्तुगीजांना बाजूला ठेवून थेट आपले प्रतिनिधी पाठवायला सुरुवात केली.

या थेट नेमणुकांपैकी दख्खनमधली पहिली नेमणूक गोव्याच्याच माणसाची होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण कुळातले मातेउश दे काश्त्रु यांना गोव्यात धर्मगुरू होऊ दिले गेले नाही. ते रोमला गेले, तिथे त्यांना दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी ते बिशप झाले. गोव्याच्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्यांना मानायला साफ नकार दिला. त्यांनी आपले ठाणे पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीला मांडले. म्हणजे कॅथलिकांमधल्या या दुफळीच्या पहिल्याच पानावर रोम-लिस्बन स्पर्धेबरोबर वर्णाचा आणि वंशाचा प्रश्नही लिहिलेला आहे.

मुंबई इंग्रजांकडे आली ती १६६१ च्या पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नकरारातून. बेटावरचे कॅथलिक रयत म्हणून इंग्रजांचे झाले, पण त्यांचे धर्मगुरू गोव्याहून येत. परक्या सत्तेशी बांधलेले पाद्री आपल्या बंदरात नकोत, म्हणून कंपनीने १७२० मध्ये त्यांना घालवले आणि रोमच्या अखत्यारीतील कार्मेलाइट फादरांना बोलावले. १७८९ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला आणि चर्च पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपकडे दिली. १७९१ मध्ये तो निर्णयही फिरला. कॅथलिकांचा बिशप कोण हे ठरवणारे हे सगळे साहेब पक्के प्रोटेस्टंट, ही गंमत त्या काळीही कोणाच्या नजरेतून सुटली नसणार.

शेवटी १७९४ मध्ये, भाऊबंदकीत शेताचे बांध घालावेत तशी बेटावरच्या चार चर्चची वाटणी झाली. भुलेश्वरचे एस्पेरांसा आणि माहीमचे सेंट मायकेल रोमच्या बाजूला. माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्वासांव गोव्याच्या बाजूला. ही वाटणीही टिकली नाही. १८३४ मध्ये पोर्तुगालने आपल्याच देशातले धर्मसंघ बंद केले, रोमशी संबंध तुटले, आणि १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रोआदोचे भारतातले हक्क कापून टाकणारे फर्मान काढले. गोव्याने ते जुमानले नाही. राजाच्या संमतीशिवाय पोपला हा हक्क काढून घेता येत नाही, असा गोव्याच्या बाजूचा युक्तिवाद होता. रोमने या अवज्ञेला ‘गोव्याची फूट’ म्हटले. पुढे मकावचे बिशप मुंबईत आले, त्यांनी पाद्रोआदोच्या चर्चमधून धर्मविधी चालवले आणि ठिणगी पडली. माहीमचा वेढा त्याच धामधुमीतला.

सामान्य माणसाच्या वाट्याला काय आले? एकाच गावठाणात दोन पॅरिश, दोन दफनभूमी, लग्न कोणत्या फादरांनी लावायचे यावरून कुरबुरी. वांद्र्याच्या हिल रोडवर आजही पायी काही मिनिटांच्या अंतरावर दोन मोठी चर्च आहेत: सेंट अँड्र्यूज आणि सेंट पीटर्स. पहिले पाद्रोआदोचे, दुसरे प्रोपागांडाचे. वस्ती वाढली म्हणून दुसरे चर्च उभे राहिले असे नवख्याला वाटते. या भांडणाला पोटजातीय किनारही होती. मुंबई, साष्टी आणि वसईचे मराठी बोलीभाषा बोलणारे मूळ कॅथलिक आणि गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेले कोकणीभाषक कॅथलिक, दोघांनाही बाहेरचे जग सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, १८८७ मध्ये, स्थानिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन संघटना काढली. आपण कंपनीची आणि सरकारची जुनी प्रजा आहोत, गोव्याचे पाहुणे नव्हे, हे नोकऱ्या देणाऱ्या इंग्रजांना ठसवण्याची गरज त्यामागे होती.

१८८६ च्या करारात रोम आणि पोर्तुगालने दुहेरी अंमल मोडण्याऐवजी कायदेशीर केला. मुंबईला रोमचा आर्चबिशप मिळाला आणि त्याच मुंबईतल्या पाद्रोआदोच्या पॅरिश दमणच्या नव्या बिशपकडे गेल्या. ही गाठ सुटली १९२८ मध्ये. एकच आर्चबिशप राहील, पण तो आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल, अशी अट घालून. एक पोर्तुगीज जेझुइट झाले, मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आले. या अटीतला मूर्खपणा रॉबर्ट्सना चटकन दिसला असावा. त्यांनी गादी भारतीयासाठी मोकळी करायचा आग्रह धरला, आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले. तीन वर्षांनी ते पहिले भारतीय कार्डिनल झाले. विशेष म्हणजे एका शहरात दोन कॅथलिक बिशप ही गोष्ट पुढे स्वतः रोमनेच पुन्हा आणली. केरळातून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. या वेळी कोणी दारे लावून बसले नाही, कारण दोन्ही बिशपांच्या नेमणुकीचा उगम एकच होता. बिशपांची संख्या कधीच अडचणीची नव्हती, असेच यावरून म्हणावे लागते.

प्रोटेस्टंटांच्या फुटी बोटीतून आल्या. याचा सर्वांत ठळक नमुना १८४३ चा. स्कॉटलंडमध्ये गावचा पाळक नेमण्याचा हक्क तिथल्या जमीनदाराला असे. मंडळीला तो पाळक नको असेल तर काय, या प्रश्नावर दहा वर्षे कज्जे चालले, मे १८४३ मध्ये एडिंबरोच्या धर्मसभेतून पाळकांचा एक गट उठून गेला, आणि थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेच्या आसपास पाळकांनी मूळ चर्च सोडले. त्यांनी ‘फ्री चर्च’ काढले. भारतातले स्कॉटिश मिशनरी जवळजवळ सगळेच फ्री चर्चकडे गेले. स्कॉटलंडच्या जमीनदारांशी कलकत्त्याच्या किंवा गिरगावच्या शाळकरी पोरांचा काय संबंध? पण इमारती मूळ चर्चच्या नावावर होत्या. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांना इमारत, ग्रंथालय, प्रयोगाची उपकरणे, सगळे सोडून नव्याने शाळा उभारावी लागली. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेच्या वाट्यालाही असाच प्रसंग आला. आज चौपाटीसमोर दिमाखात उभे असलेले विल्सन कॉलेज आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ही दोन्ही नावे या बाहेर पडलेल्या फ्री चर्चच्या परंपरेतली आहेत.

मग मिशनांनी आपसांत तंटे नकोत म्हणून एक सोय काढली. मुलूख वाटून घ्यायचे. ज्या भागात एक मिशन आधी पोचले तिथे दुसऱ्याने शिरायचे नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले, पुढे अहमदनगर, सोलापूर, साताऱ्यात पसरलेले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यांनीच १८४२ मध्ये सुरू केले. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्यापुरती स्वायत्त, वर बिशप नाही. कोल्हापूर, मिरज, रत्नागिरीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. तिथे वडीलमंडळांची चढती उतरंड. मिरजेचे वानलेस हॉस्पिटल त्यांचे. पुणे, जालना, नागपूर स्कॉटिश मिशनकडे. नाशिक, मालेगाव आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) भाग बिशपवाल्या अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीकडे. वऱ्हाडात आणखी वेगळी अमेरिकन मिशने.

परिणाम असा झाला की ख्रिस्ती झालेल्या शेतमजुराचा पंथ त्याच्या श्रद्धेने ठरला नाही, त्याच्या तालुक्याने ठरला. नेवाशाचा माणूस काँग्रिगेशनल आणि निफाडचा अँग्लिकन, कारण एकाच्या गावी बोस्टनचा साहेब आला आणि दुसऱ्याच्या गावी लंडनचा. बिशपची गरज आहे की नाही यावर दोघांपैकी एकानेही कधी विचार केलेला नसे. दोघे मुंबईत गिरणीत लागले आणि एकाच चाळीत राहायला आले की रविवारी वेगवेगळ्या दिशांना उपासनेला जायचे. आणि हद्दी सगळ्यांनी पाळल्याही नाहीत. अहमदनगर जिल्ह्यात पुढे अँग्लिकनांनी आपले वेगळे काम सुरू केले आणि तिथल्या खेड्यांत मंडळीच्या माणसांची ओढाओढ व्हायची ती झालीच.

विचार करणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसांना हे सहन होत नव्हते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला, अँग्लिकन जोगिणींच्या आश्रयाने झाला. पण तिथल्या ज्येष्ठ जोगिणींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ख्रिस्त त्यांना मान्य होता. त्याच्यासोबत येणारी एका पंथाची चौकट त्यांना मान्य नव्हती. इंग्लंडमधले असंख्य पंथोपपंथ पाहून आपण गोंधळून गेलो, असे त्यांनी पुढे स्वतःच्या निवेदनात नोंदवले. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. नारायण वामन टिळकांचा मार्ग वेगळा. १९१७ च्या सुमारास त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. मिशनच्या पगारातून ते मोकळे झाले. हा दरबार त्यांच्यानंतर फार काळ चालला नाही. टिळक गेले ९ मे १९१९ रोजी.

त्याच्या आदल्या आठवड्यात, मे १९१९ च्या पहिल्या दोन दिवसांत, दक्षिणेत तरंगंबाडीला तेहतीस ख्रिस्ती पुढारी जमले होते. दोघे सोडले तर सगळे भारतीय. पुढाकार होता व्ही. एस. अझरया यांचा. ते तमिळ, काम करत निजामच्या मुलखातल्या दोर्नकल या तेलुगू भागात, आणि १९१२ मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झालेले. या बैठकीतून निघालेल्या जाहीरनाम्याचा आशय अगदी रोखठोक होता: या फुटी आम्ही केलेल्या नाहीत, त्या आमच्यावर लादल्या गेल्या, आणि त्यांच्यामुळे आमचे काम खुंटते. एकीकरणाची बोलणी सुरू करायची. आता यातली विसंगती बघा. तरंगंबाडी म्हणजे १७०६ मध्ये भारतात पहिले प्रोटेस्टंट मिशनरी उतरले ती जागा. ते लूथरन होते. आणि या बोलण्यांतून अखेर जे संयुक्त चर्च निघाले त्यात लूथरन मंडळ्या आल्याच नाहीत.

बोलणी अठ्ठावीस वर्षे चालली. एवढा वेळ कशात गेला? पहिल्याच टप्प्यात सगळ्यांनी मान्य केले होते की बायबल, प्रेषितांचा आणि निकाया येथला विश्वासाचा अंगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे सर्वांचेच आहे. बिशप असावेत, पण त्यांनी घटनेप्रमाणे चालावे, हेही काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळींनी बरेच लवकर कबूल केले. गाडे अडले ते हातांवर. अँग्लिकन समजुतीनुसार पाळकाच्या डोक्यावर बिशपने हात ठेवून दीक्षा द्यावी लागते, त्या बिशपवर आधीच्या बिशपाने हात ठेवलेला असावा लागतो, आणि ही साखळी थेट ख्रिस्ताच्या प्रेषितांपर्यंत जाते. मग काँग्रिगेशनल पाळकाचे काय, ज्याच्या डोक्यावर कधी बिशपाचा हात पडलेलाच नाही? त्याला पुन्हा दीक्षा द्यायची म्हणजे वीस-वीस वर्षे त्याने दिलेले प्रभुभोजन खोटे होते असे सांगणे. न द्यावी तर अँग्लिकनांच्या दृष्टीने साखळी तुटते.

हा प्रश्न शब्दच्छल वाटू शकतो. पण केरळच्या मंडळीला त्याची किंमत आधीच मोजावी लागली होती. प्रेषित थोमाची परंपरा सांगणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती लोकांना गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या धर्मसभेत लॅटिन शिस्तीखाली आणले. पश्चिम आशियातून आलेल्या एका बिशपाला पोर्तुगीजांनी अडवल्यावर ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टनचेरीला जमलेल्या लोकांनी जेझुइटांना यापुढे मानणार नाही अशी शपथ घेतली. पण स्वतःचा बिशप आणायचा कुठून? त्याच वर्षीच्या मेमध्ये बारा धर्मगुरूंनी मिळून आपल्या आर्चडीकन थोमांच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना बिशप ठरवले. बिशपाशिवाय बिशप होतो का, ही शंका लोकांच्या मनातून जाईना. रोमने कार्मेलाइट पाठवले, १६६३ मध्ये चांडी कत्तनार यांना रीतसर बिशप केले आणि मोठा गट परत गेला. उरलेल्यांना १६६५ मध्ये जेरुसलेमहून आलेल्या मार ग्रेगोरियोस या सिरियन बिशपाचा आधार मिळाला. तिथून पुढे ज्या शाखा फुटत गेल्या, त्यांपैकी ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट यांचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतरही चर्चच्या दारांवर पोलिस उभे करत राहिला.

दक्षिणेतल्या वाटाघाटींनी हातांच्या प्रश्नावर काढलेला तोडगा व्यवहारी होता. जे आज पाळक आहेत ते तसेच पाळक मानायचे, कोणाला पुन्हा दीक्षा नाही. यापुढच्या सगळ्या दीक्षा बिशपांच्या हातून. तीस वर्षांत जुनी पिढी निवृत्त होईल आणि प्रश्न आपोआप विरेल. शिवाय एक वचन: कोणत्याही मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादला जाणार नाही. इंग्लंडमधल्या कर्मठ अँग्लिकनांना हे भयंकर वाटले. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये या योजनेविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. मद्रासकडच्या खेड्यातल्या पाळकाच्या दीक्षेने लंडनच्या थोर कवीची झोप उडावी, यावरून हा हातांचा प्रश्न किती खोल गेलेला होता ते कळते.

देश स्वतंत्र होऊन सहा आठवडे झाले होते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया अस्तित्वात आले. अँग्लिकन, मेथॉडिस्ट, आणि काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन यांचे १९०८ मध्येच झालेले संयुक्त चर्च, असे तीन प्रवाह. दहा लाखांहून अधिक माणसे. बिशप असलेल्या आणि नसलेल्या मंडळ्या अशा एक होण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रसंग. तो बघायला अझरया नव्हते. १९४५ च्या पहिल्याच दिवशी ते वारले होते. आणि सगळे आले असेही नाही. नंद्याल भागातल्या अँग्लिकनांनी नकार दिला आणि ते जवळजवळ तीन दशके बाहेरच राहिले. १९७५ मध्ये आत आले.

उत्तरेकडची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली आणि नागपूरला संपली. मधल्या काळात योजनेचे मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले. इथे हातांसोबत पाण्याचाही प्रश्न होता, कारण बॅप्टिस्ट मंडळ्याही सामील होणार होत्या. त्यांच्या मते बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या कबुलीने, पाण्यात पूर्ण बुडवून. बाकीचे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. तोडगा असा की दोन्ही रीती संयुक्त चर्चमध्ये सारख्याच मान्य राहतील, आई-बापांनी निवड करावी. बॅप्टिस्टांच्या बाजूने पाहिले तर ही छोटी तडजोड नव्हती. आपल्या रीतीसाठी त्यांच्या पूर्वजांनी युरोपात तुरुंगवास भोगला होता.

हातांचा तिढा मात्र उत्तरेने दक्षिणेपेक्षा वेगळ्या पद्धतीने सोडवला. तीस वर्षे थांबायचे नाही, पहिल्याच दिवशी सोडवायचा. २९ नोव्हेंबर १९७० हा आगमनकाळातला पहिला रविवार. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे संयुक्त चर्च स्थापायला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. यांतल्या दुसऱ्या मंडळीत १९२४ पासूनच अहमदनगरचे काँग्रिगेशनल आणि कोल्हापूरचे प्रेस्बिटेरियन एकत्र नांदत होते. प्रत्येकाने बाकीच्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि बाकीच्यांचे हात आपल्या डोक्यावर घ्यायचे. सोबतची प्रार्थना मुद्दाम अशी रचलेली की ही पुन्हा दीक्षा आहे की नाही हे त्यातून कळूच नये. कोणाच्या सेवेत काय उणे होते ते देवाला ठाऊक, त्याने ते भरून काढावे. अँग्लिकनाला वाटावे साखळी पूर्ण झाली, बॅप्टिस्टाला वाटावे आपल्याला कोणी कमी लेखले नाही. धर्मशास्त्राच्या चिकित्सकांनी या संदिग्धतेवर बरीच टीका केली. पण सिद्धान्ताने चाळीस वर्षांत जे साधले नव्हते ते या मुद्दाम मोघम ठेवलेल्या वाक्याने एका सकाळी साधले. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

एक मोठी खुर्ची रिकामी राहिली. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट चर्च वाटाघाटींत शेवटपर्यंत होते, पण समारंभाला काही महिने उरले असताना १९७० मध्येच ते मागे फिरले. जगभर पसरलेल्या आपल्या मातृसंस्थेशी नाते तुटेल ही भीती, स्वतःच्या संस्थांचे आणि मालमत्तेचे काय होईल ही काळजी, आणि बहुसंख्येत विरून जाण्याची धास्ती, असे सगळे त्यात मिसळलेले होते. १९८१ मध्ये ते भारतापुरते स्वायत्त झाले. त्यामुळे मुंबई-पुण्यात आजही मेथॉडिस्ट आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही दोन वेगळी चर्च दिसतात. दक्षिण, उत्तर आणि केरळच्या सिरियन परंपरेतली मार थोमा या तीन मंडळ्यांनी १९७८ मध्ये संयुक्त परिषद नेमली. परस्परांचे पाळक आणि प्रभुभोजन मान्य झाले, विलीनीकरण झाले नाही.

मराठी मुलखात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर असे धर्मप्रांत उभे राहिले. उपासनेत एकी बऱ्यापैकी लवकर रुजली. नाशिकच्या माणसाला अहमदनगरच्या देवळात परके वाटणे संपले. जमिनीचे तसे झाले नाही. मिशनांनी शंभर-दीडशे वर्षांत बंगले, शाळा, दवाखाने, दफनभूमी, शेतजमिनी घेतल्या होत्या. त्यांची मालकी कुठे परदेशी मिशनबोर्डाच्या नावावर, कुठे स्थानिक ट्रस्ट असोसिएशनच्या, कुठे नोंदणीकृत सोसायटीच्या. शहरे वाढली आणि गावाबाहेरची मिशन कंपाउंडे भर बाजारपेठेत आली. एकेका जागेवर दोन-दोन विश्वस्त मंडळे हक्क सांगू लागली. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, त्यावर हरकती, त्यावर अपिले. आजच्या पाळकांना धर्मशास्त्राइतकाच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही वाचावा लागतो.

या प्रकारचा सर्वांत लक्षणीय निकाल ब्रदरन मंडळीचा. हे छोटे चर्च, सैन्यात भरती व्हायला नकार देणाऱ्या जर्मन-अमेरिकन पंथाचे. प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची त्यांची रीत. दक्षिण गुजरात आणि डहाणू या पट्ट्यात त्यांचे काम होते. १९७० च्या एकीकरणात त्यांच्या मंडळ्यांनी विलीन होण्याचे ठराव केले आणि नागपूरला त्यांचे प्रतिनिधी हजरही होते. पुढे गुजरातमधल्या काही सभासदांनी आपण वेगळेच आहोत असे म्हणत मालमत्तेवर दावा सांगितला. तो दावा खालच्या न्यायालयापासून वर वर चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की धार्मिक ठराव काहीही असो, सोसायटी नोंदणी कायद्यात सांगितलेल्या रीतीने जुनी संस्था विसर्जित झालेलीच नाही; विश्वस्त कायद्याची प्रक्रियाही पाळलेली नाही; सबब त्या मालमत्तेवर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा हक्क पोचत नाही. नागपूरच्या त्या रविवारी डोक्यावर ठेवलेल्या हातांना त्रेचाळीस वर्षे झाली होती, आणि सात-बारावर जुनेच नाव होते.